रानफुलांची ओळख आणि छायाचित्राची साक्ष

वसंतात रानफुलांविषयी बोलावयास उभे राहणाऱ्याची स्थिती जरा चमत्कारिक असते. आमच्या जुन्या कवींनी वसंताला ऋतुराज करून सारी फुले त्याच्या पदरात घातली आहेत. पण या मांडवातून उठून आपण गावाबाहेरच्या टेकडीकडे पाहिले, तर वाळलेले गवत, तापलेला कातळ आणि वणव्याचा एखादा काळा पट्टा यांखेरीज तेथे काही दिसत नाही. पळस, पांगारा, काटेसावर यांचा बहर होऊन गेला. बहावा तेवढा पिवळी झुंबरे टांगून उभा आहे. बाकी टेकडी कशी आहे, असे कोणी विचारले तर आपण सहज सांगतो, ‘ओसाड आहे.’

हा शब्द आम्हांला आज खोडून काढावयाचा आहे. सह्याद्रीच्या माळांवरील नि सड्यांवरील पुष्कळशा वनस्पती या वेळी मेलेल्या नसतात, निजलेल्या असतात. कोणी कंद होऊन, कोणी मुळाचा गड्डा होऊन, कोणी नुसते बी होऊन वीतभर मातीत पडून असते. वळवाच्या एकदोन सरी आल्या, की प्रथम शेवळ वर येतो. मागोमाग मुसळी, कळलावी, सापकांदा, भुईवरच्या आमरी यांची रांग लागते. श्रावण-भाद्रपदात तेरडा, आभाळी, सोनकी यांनी डोंगर रंगतो आणि दिवाळी उलटली की संसार आटोपून सारी मंडळी पुन्हा जमिनीखाली जातात. हा चार महिन्यांचा प्रपंच आहे. टेकडीवर रस्ता कोठून न्यावा, खाण कोठे काढावी, झाडे लावण्यासाठी खड्डे कोठे घ्यावेत, हे मात्र बहुधा वैशाखात ठरते. म्हणजे खटला उन्हाळ्यात चालतो आणि साक्षीदार पावसाळ्यात हजर होतात! अशा वेळी साक्षीदारांची जबानी आधीच लिहून ठेवलेली असेल, तरच काही उपयोग. रानवनस्पती ओळखणे आणि त्यांची छायाचित्रे घेणे या उद्योगाकडे आम्ही या दृष्टीने पाहतो.

ही दृष्टी आम्हांला आपोआप आलेली नाही. एका चुकीने ती आली, म्हणून ती चूक प्रथम सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात घाटमाथ्यावरच्या एका उतारावर आम्हांला एक पिवळे फूल दिसले. पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. आम्ही आनंदाने त्याची तीसएक छायाचित्रे घेतली आणि घरी येऊन त्यांतली उत्तमशी चार वनस्पतिशास्त्राच्या एका वृद्ध प्राध्यापकांकडे पाठविली. त्यांनी नाव कळविले नाही. उलट आम्हांलाच प्रश्न विचारले. पाने समोरासमोर होती की एकाआड एक? देठाला लव होती काय? फुलाच्या पाठीमागचा हिरवा भाग कसा होता? शेंग धरली होती काय? आम्ही सगळी छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. तिसांच्या तीस चित्रांत फुलाचा तोंडवळाच तेवढा होता! पुढल्या भाद्रपदात जाऊन राहिलेले काम पुरे करू, असे आम्ही ठरविले. गेलो, तेव्हा तो उतारच जागेवर नव्हता. रस्ता रुंद करताना तो कापून नेला होता आणि तेथे तांबड्या मातीची उभी भिंत होती. ते फूल आमच्या संग्रहात आजही ‘एक पिवळे फूल’ एवढ्याच नावाने आहे. ते साधे नेहमीचे होते की दुर्मिळ होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

आता कोणी म्हणेल, ओळख पटविणे हे शास्त्रज्ञांचे काम. आम्हां नोकरी-धंद्याच्या माणसांनी त्यात कशाला पडावे? या शंकेला इतिहासाने चांगले उत्तर दिले आहे. मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी 1839 साली प्रसिद्ध झाली, ती करणारे जॉन ग्रॅहॅम हे टपाल खात्यातले अधिकारी होते. 1861 साली डाल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ निघाला. त्यांपैकी गिब्सन हे मुळात शल्यवैद्य. 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध झाला आणि ज्यावाचून आजही अभ्यासकाचे पान हलत नाही, त्याचे कर्ते थिओडोर कुक पेशाने इंजिनियर होते व पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. खंडाळ्याच्या वनस्पतींवर 1953 साली आणि पुरंदरच्या वनस्पतींवर 1958 साली ग्रंथ लिहिणारे फादर सांतापाव हे मुंबईच्या झेवियर महाविद्यालयात शिकविणारे जेझुइट धर्मगुरू. अगदी अलीकडे, सह्याद्रीच्या फुलांची सचित्र पुस्तके काढून ती सामान्य माणसाच्या हाती देणारे श्रीकांत इंगळहळीकर हेही इंजिनियरच. तात्पर्य, या शास्त्राची इमारत फावल्या वेळात डोंगर चढणाऱ्यांनी पुष्कळ बांधली आहे. त्यांना वाट दाखविणारे नि नावे सांगणारे गुराखी, ठाकर, कातकरी यांची नावे ग्रंथांच्या पहिल्या पानावर बहुधा आढळत नाहीत, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

त्या मंडळींची पद्धत अशी, की फांदी फुलाफळांसह तोडावयाची, कागदांत दाबून वाळवावयाची आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवून स्थळ-काळासह संग्रही ठेवावयाची. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात व आघारकर संस्थेत आणि मुंबईला झेवियरमधील ब्लॅटर संग्रहालयात असे पुढे जतन केलेले आहेत. शास्त्राला त्यांची गरज आजही आहे. परंतु तुम्ही-आम्ही प्रत्येकाने फांद्या तोडावयाचे ठरविले, तर डोंगर बोडका व्हावयाला वेळ लागणार नाही. तेव्हा आपल्यासाठी छायाचित्र हाच तो वाळविलेला पुढा, असे समजावे. पुढ्यावर जे जे दिसावयास हवे, ते ते आपल्या चित्रांत दिसले पाहिजे.

ओळखीची सुरुवात नावापासून होते, आणि नावाचा घोटाळाही तेथेच सुरू होतो. गावोगावची नावे मोठी बोलकी असतात. पाण्यातल्या दोन फाट्यांच्या तुऱ्याला ‘वायतुरा’, फडा काढलेल्या नागासारख्या फुलोऱ्याला ‘सापकांदा’, सड्यावरच्या ओल्या गवतात टिपे सांडल्यासारख्या दिसणाऱ्या निळ्याजांभळ्या फुलांना ‘सीतेची आसवं’. पण एकाच वनस्पतीला चार खोऱ्यांत चार नावे असतात आणि एकच नाव चार वनस्पतींना दिलेले असते. म्हणून लिनियसने 1753 साली रूढ केलेली दोन शब्दांची शास्त्रीय नावे लागतात. पहिला शब्द कुळीचा, दुसरा तिच्या स्वतःचा. ती तोंडात बसायला जड वाटतात खरी. परंतु त्यांतही आपला मुलूख दडलेला असतो. औषधासाठी प्रसिद्ध असलेल्या सफेद मुसळीचे नाव आहे ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’. हे बोरिव्हिलियानम म्हणजे आपली लोकल गाडीची बोरिवली! 1955 साली हे नाव दिले गेले. गावाचे नाव नि शास्त्राचे नाव यांत भांडण नाही. वहीत दोन्ही लिहावीत, आणि गावाचे नाव कोणत्या गावी ऐकले तेही लिहावे.

आता प्रत्यक्ष ओळख कशी पटवावयाची? एक उदाहरण घेऊ. भाद्रपदाच्या अखेरीस टेकडी पिवळी होते आणि आपण म्हणतो, ‘सोनकी फुलली.’ त्या पिवळ्या रंगात निदान तीन निराळ्या वनस्पती असू शकतात. पहिली सोनकी. तिचे जे एक फूल म्हणून आपण पाहतो, ते मुळात फूल नव्हे, फुलांचे संमेलन आहे. मधल्या पिवळ्या चकतीत अनेक बारीक फुले दाटीने बसलेली असतात आणि कडेची प्रत्येक पाकळी हेही एक स्वतंत्र फूलच असते. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांचे हेच कूळ. दुसरा कवळा. त्याचे फूल वाटाण्याच्या किंवा तुरीच्या फुलाच्या घडणीचे. एक पाकळी निशाणासारखी उभी, तिच्यावर पुष्कळदा तांबूस ठिपके, आणि पान बारीक पर्णिकांचे. म्हणजे हा शेंगांच्या घराण्यातला. तिसरा कॉसमॉस. याचे फूल सोनकीसारखेच चकती नि पाकळ्यांचे, रंग पिवळा ते नारिंगी. नुसता तोंडवळा पाहिला तर पुष्कळ जण फसतात. आता पान पाहा. सोनकीचे पान अखंड, कडेला दाते असलेले आणि खोडावर एकाआड एक. कॉसमॉसचे पान चिरून चिरून झालर केल्यासारखे आणि जोडीजोडीने समोरासमोर. फुलाने फसविले, पानाने सोडविले.

वनस्पतिशास्त्रातील ‘किल्ली’ म्हणतात ती हीच. प्रत्येक पायरीला दोन पर्याय ठेवलेले असतात. पाने समोरासमोर की एकाआड एक? पान साधे की अनेक पर्णिकांचे? पाकळ्या सुट्या की जुळलेल्या? एक पर्याय निवडला की पुढच्या जोडीकडे जावयाचे. असे करीत आठदहा पायऱ्यांत आपण नावापाशी येऊन पोहोचतो. कुकच्या ग्रंथात आणि 1996 ते 2001 या काळात तीन खंडांत निघालेल्या महाराष्ट्राच्या वनस्पतिग्रंथात अशा किल्ल्या आहेत. एखादी आठवड्याची सुट्टी खर्चून पाचपंचवीस नेहमीच्या वनस्पतींवर ही किल्ली चालवून पाहावी. पंधरावीस कुळे डोळ्यांत बसली की निम्मे रान ओळखीचे झालेच.

वरच्या उदाहरणातला कॉसमॉस आणखी एका कारणासाठी आम्ही घेतला. तो मूळचा मेक्सिकोकडचा. बागेतून निसटून पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर नि रस्त्यांच्या कडेने तो पसरला आहे, आणि त्याच्यापुढे उभे राहून हौसेने छायाचित्रे काढली जातात. या दिवसांत बहावा नि गुलमोहर शेजारी शेजारी फुलतात; त्यांतला बहावा इथला, गुलमोहर मादागास्करचा. परका असणे हा काही गुन्हा नव्हे. मिरची, बटाटा, भुईमूग हे सारे अमेरिकेतूनच आपल्या घरात आले. प्रश्न एवढाच, की पाहुणा येऊन कोणाची जागा घेतो? घाणेरी, गाजरगवत, रानमोडी यांनी जेथे मुक्काम ठोकला, तेथे खालची मुसळी नि आमरी उजेडावाचून संपते. म्हणून आपल्या नोंदीत परक्या वनस्पतींनाही जागा द्यावी. त्या कोणत्या साली कोठवर आल्या, हे पुढे फार उपयोगी पडते.

आता छायाचित्रांकडे वळू. आमचा अनुभव असा, की एका वनस्पतीची सहा चित्रे घेतली तर ओळख पटण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पहिले चित्र दुरून, भोवतालासह. ती कातळावर आहे, ओढ्याकाठी आहे की झाडाच्या सावलीत, हे त्यात कळावे. दुसरे संपूर्ण वनस्पतीचे. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवले म्हणजे उंची समजते. तिसरे पानाचे, तेही खोडाला चिकटलेल्या स्थितीत, म्हणजे मांडणी कळेल. पान हलकेच उलटून पाठही टिपावी, कारण लव नि शिरा पाठीवर स्पष्ट दिसतात. चौथे फुलाचे समोरून, पाचवे बाजूने व मागून. हे पाचवे चित्र कोणी घेत नाही आणि शास्त्रज्ञ नेमके तेच मागतात. सहावे फळाचे किंवा शेंगेचे. फळ त्या दिवशी नसेल, तर महिन्याने पुन्हा जावे लागते. त्याला इलाज नाही.

या ‘पुन्हा जाण्या’तच खरी गंमत आहे. शेवळाचेच पाहा. कोकणात नि मावळात त्याची भाजी होते आणि घशाला खाज सुटू नये म्हणून तीत काकडाची फळे घालतात. बाजारात विकावयास येतो तो त्याचा कोवळा फुलोरा. तो जमिनीतून एकटाच वर येतो. पान नंतर येते, आणि तेव्हा फुलोऱ्याचा मागमूस उरलेला नसतो. ज्येष्ठात फुलोरा नि आषाढात पान, अशी दोन चित्रे एका जागेवरून घेतली नाहीत, तर ही दोन्ही एकाच कंदाची रूपे आहेत हे नवख्याला पटावयाचे नाही. केन्याचे निळे फूल सकाळी उमलते नि दुपारपर्यंत मिटून जाते. उशिरा उठणाऱ्याला केना भेटत नाही. उलट कारवी! ती सातआठ वर्षांनी एकदाच फुलते, सारा डोंगर जांभळा करते आणि बी टाकून मरते. फूल पाहूनच ओळखीन म्हणणाऱ्याने तिच्यासाठी आठ वर्षे थांबावे काय? तिची खरखरीत पाने नि काठीसारखी सरळ खोडे ओळखावयास शिकावे. ज्यांनी तिच्या काठ्यांचे कूड घातले, त्यांना ती फुलावाचूनही बरोबर ओळखता येत होती.

कॅमेऱ्याविषयी आम्ही थोडेच बोलणार, कारण त्याची चर्चा अनाठायी फार होते. हातातला साधा मोबाइल फोनही आज पुरेसे काम देतो. लक्षात ठेवावयाच्या गोष्टी चारच. भरदुपारचे ऊन टाळावे; ढगाळ दिवस हा फुलांच्या छायाचित्राला वरदानच होय, आणि ऊन असेलच तर छत्री धरावी. पांढरे फूल हमखास भगभगीत येते, पाकळीवरच्या शिरा दिसेनाशा होतात. म्हणून चित्र थोडे काळसर घ्यावे. डोंगरावर वारा सदैव असतो. आपल्या अंगाचा आडोसा करावा आणि फूल स्थिर होईपर्यंत धीर धरावा. फोनची नजर पुष्कळदा मागच्या गवतावर जाऊन बसते. फुलाच्या पाठीशी तळहात धरला की ती फुलावर येते. बाकी शोभेचे चित्र जरूर घ्यावे, पण साक्षीची सहा घेऊन झाल्यावर.

छायाचित्राला वास येत नाही, देठ मोडल्यावर चीक निघतो का ते कळत नाही, आणि आपण त्या वेळी कोठे होतो हे वर्षाने आपल्यालाच आठवत नाही. म्हणून खिशात वही हवी. दिनांक, जागा, अंदाजे उंची, माती की कातळ, शेजारी कोण होते, वास, गावचे नाव, एवढे लिहावयास दोन मिनिटे पुरतात. वहीवाचून छायाचित्र म्हणजे पत्ता नसलेले पाकीट.

येथे एक नवी सोय आली आहे, तिच्याविषयी दोन शब्द. फोनला चित्र दाखविले की तो क्षणात नाव सांगतो. आम्हीही हे साधन वापरतो. परंतु त्याची विद्या त्याने पाहिलेल्या चित्रांवर अवलंबून आहे. ज्या मुलखातली चित्रे त्याच्यापाशी जास्त, तिथली नावे त्याच्या तोंडी आधी येतात. आणि आपल्या सड्यांवरच्या कित्येक वनस्पती तर जगात दुसरीकडे कोठेच नाहीत. तेव्हा त्याचे उत्तर ही ऐकीव माहिती समजावी आणि किल्लीवर घासून पाहावी. याउलट काही वनस्पती अशा, की त्यांपुढे छायाचित्र, फोन नि आपण तिघेही हात टेकतो. सड्यावर पांढऱ्या मण्यांसारखी डोलणारी गेंदाची फुले घ्या. त्यांच्या अनेक जाती आहेत आणि त्या ठरवावयाला फूल-बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. गवतांचेही तसेच. अशा वेळी ‘गेंदाची एक जात’ एवढेच लिहून थांबावे. चुकीच्या पुऱ्या नावापेक्षा बरोबर अर्धे नाव कितीतरी मोलाचे.

यानंतरचा विषय पायांचा आहे. साताऱ्याजवळचे कासचे पठार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. 2012 साली पश्चिम घाटातील ज्या 39 स्थळांना जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यांत त्याचा समावेश आहे. असला सडा म्हणजे जांभ्या खडकाचा एक विस्तीर्ण ओटा. त्यावर माती बोटभर, कोठे तीही नाही. पावसात पाणी साचून राहते आणि मातीतले सत्त्व धुऊन नेते. एवढ्या दारिद्र्यात संसार करावयाचा म्हणून काही वनस्पतींनी किडे पकडण्याची युक्ती काढली. सीतेच्या आसवांच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की फुगा त्याला आत ओढतो. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब चमकतात आणि त्यांवर बसलेला किडा सुटत नाही. असे हे बोटभर उंचीचे जग आहे, आणि आपण त्यावर दीडमणी देह घेऊन उतरतो.

एका सड्यावर सीतेच्या आसवांचे चित्र घेण्यासाठी आम्ही पालथे पडलो होतो. पाचदहा मिनिटांनी समाधानाने उठलो. जवळच म्हशी राखणारे एक म्हातारबाबा उभे होते. ते म्हणाले, “सायेब, फोटू झ्याक आला आसंल, पर एका फुलापायी किती निजवलीसा ते बगा की!” आम्ही वळून पाहिले. आमच्या देहाच्या आकाराची सपाट आकृती गवतात उमटली होती आणि सदऱ्याला दवबिंदूची पाने चिकटली होती. तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. पाय पडेल तो उघड्या कातळावर. गुडघा टेकण्यापूर्वी खाली कोण आहे ते पाहावयाचे. चित्र ‘स्वच्छ’ यावे म्हणून भोवतीचे गवत उपटावयाचे नाही, हवे तर एका काडीने बाजूला धरावयाचे. आणि पाचसहा जणांहून मोठा घोळका करून जावयाचे नाही.

दुसरा नियम जिभेचा. कंदीलपुष्पांचे उदाहरण घेऊ. त्यांना कोठे खरपुडी असेही म्हणतात. फूल म्हणजे एक नाजूक सुरई. वर पाकळ्यांची टोके जुळून कंदिलाचा आकार झालेला. एखादे चिलट आत उतरले की नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे त्याला परतता येत नाही. ते आत घुटमळते, त्याच्या अंगाला पराग चिकटतात, मग केस सुकतात आणि चिलट मोकळे होऊन दुसऱ्या कंदिलात जाते. यांतल्या कित्येक जाती फक्त सह्याद्रीत, त्याही एखाद्या गडाच्या कड्यावर वा घाटाच्या उतारावर मूठभर उरल्या आहेत. शिंदळ माकुडीचेही तसेच. डाल्झेलने 1865 साली तिचे वर्णन केले; शिवनेरीसारख्या कड्यांच्या कपारींत ती लाल चांदण्यांसारखी फुलते. अशा वनस्पतीचे चित्र नेमक्या जागेसह दहा जणांना दाखविले, तर अकरावा कुदळ घेऊन येतो. आजच्या फोनमधल्या चित्राच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांशही आपोआप नोंदले जातात. ते काढून टाकल्याशिवाय दुर्मिळ वनस्पतीचे चित्र कोणालाही पाठवू नये. जागेची खरी नोंद आपल्या वहीत आणि खात्रीच्या अभ्यासकापाशी असावी. साक्षीदाराला न्यायालयात बोलवावे. त्याचा पत्ता बाजारात लावू नये.

आता शेवटची गोष्ट. येत्या आषाढात आपल्यापैकी अनेक जण सद्भावनेने टेकडीवर झाडे लावावयास जातील. झाडे लावणे चांगलेच. परंतु उघडा माळ ही झाडे तुटून झालेली जखमच असते, असे नाही. सह्याद्रीचे कित्येक माळ नि सडे मुळातच गवताचे, कंदांचे, फुलांचे आहेत. तेथे खड्डा घेतला तर निजलेल्या मुसळीचा गड्डा कुदळीखाली येतो, आणि झाड वाढले तर त्याच्या सावलीत उन्हाची फुले मरतात. म्हणून आमची विनंती एवढीच, की दूरच्या प्रसिद्ध पठारावर एक दिवस गर्दी करण्याऐवजी आपल्या घराजवळची एक टेकडी निवडावी आणि एक वर्षभर, महिन्यातून दोनदा, तिच्यावर जावे. प्रत्येक वनस्पतीची सहा चित्रे घ्यावीत, वही लिहावी, नाव कळले तर लिहावे, न कळले तर जागा कोरी ठेवावी. वर्षअखेर जी यादी होईल ती महाविद्यालयात, वनखात्यात आणि नगरपालिकेत एकेक प्रत करून द्यावी. मग पुढल्या वैशाखात कोणी त्या टेकडीकडे बोट करून ‘ओसाड’ म्हणाला, तर आपल्यापाशी दाखवावयास काही असेल.

यातून नवे काय निघणार, असे कोणी म्हणू नये. ज्या वायतुऱ्याचा उल्लेख मघाशी केला, तो साताऱ्याच्या सड्यांवरील डबक्यांत पिढ्यान् पिढ्या फुलत होता. गुरे पाण्यावर नेणाऱ्या मुलांना तो ठाऊक होता. शास्त्राच्या दप्तरात त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली ती 1982 साली, आणि साताऱ्यावरूनच त्याला ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’ हे नाव मिळाले. कुकच्या ग्रंथाला तेव्हा सत्तरावर वर्षे होऊन गेली होती. आमच्या त्या पिवळ्या फुलाचे नाव कळण्याची वेळ निघून गेली. आपल्या टेकडीवरच्या फुलांची अजून गेलेली नाही. पाऊस महिन्या-दीड महिन्यावर आहे. तेवढ्यात वही तेवढी आणून ठेवावी.